पायाभूत वर्ष कुठलं?

हवामान उद्दिष्टांवरच्या प्रशिक्षणवर्गासाठी तक्ता लावला होता. 2030 पर्यंतची उत्सर्जनघट, उतरत्या क्रमाने: डेन्मार्क 70 टक्के, ब्रिटन 68, युरोपीय संघ 55, अमेरिका 50 ते 52 (2021 ची घोषणा), जपान 46, भारत 45. छपाईला देण्याआधी पायाभूत वर्षाचा, म्हणजे घट ज्या वर्षाच्या तुलनेत मोजायची त्याचा, रकाना घातला आणि क्रमातली हवाच गेली.

पहिले तिघे 1990 पासून मोजतात, अमेरिका 2005 पासून, जपान 2013 पासून. 2013 च का? मार्च 2011 मध्ये फुकुशिमाची अणुदुर्घटना झाली, अणुभट्ट्या बंद पडल्या, त्यांच्या जागी कोळसा आणि वायू जळला, उत्सर्जन 140 कोटी टनांवर गेलं. शिखरावरून मोजलं की उतार मोठा दिसतो. लक्ष्य 76 कोटी टनांचं. 1990 मध्ये होते सुमारे 127 कोटी. 1990 पासून मोजायला भागाकार केला, तर 46 चे 40 झाले.

भारताचे 45 या यादीत मुळात बसतच नाहीत. ती जीडीपीच्या दर रुपयामागची घट आहे, 2005 च्या तुलनेत. समजा जीडीपी चौपट झाला, तर 0.55 गुणिले 4, म्हणजे एकूण उत्सर्जन 2.2 पट. यात लपवाछपवी नाही, पॅरिस करारात तशी मुभा आहे. पण 46 खाली 45 लिहिणं म्हणजे किलोखाली मीटर लिहिणं.

1990 वाल्यांनाही फार डोक्यावर घेऊ नये. ब्रिटनने त्या दशकात कोळसा सोडून वायू धरला तो स्वस्त पडला म्हणून, आणि पूर्व जर्मनीतले जुने कारखाने तर आपोआपच बंद पडले.

दुपारी मी आणखी एक रकाना वाढवला: ‘चुकलं तर कोण विचारणार?’ ब्रिटनमध्ये 2008 चा कायदा आहे. पाच-पाच वर्षांचं कार्बन बजेट, म्हणजे उत्सर्जनाची कमाल मर्यादा, बारा वर्षं आधी ठरतं, स्वतंत्र समिती दरवर्षी संसदेला अहवाल देते. डेन्मार्कमध्ये हवामानमंत्र्याला दरवर्षी संसदेपुढे उभं राहावं लागतं. अमेरिकेच्या आकड्यामागे कायदा नव्हता. 20 जानेवारी 2025 ला एका सहीनिशी पॅरिस करार सोडण्याचा आदेश निघाला.

कायदा करायची हिंमत कुठून येते, हे मात्र तक्त्यात मावत नाही. 1973 च्या तेलसंकटात डेन्मार्कची नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा आयात तेलावर होती; पवनचक्क्या तिथे आधी गरज म्हणून आल्या, कार्बन कर 1992 मध्ये. ब्रिटनमध्ये कायदा आला तोवर खाणी आणि त्यांच्या संघटना 1984-85 च्या संपानंतर संपत आल्या होत्या. अडवायला उरलं होतं कोण? आपल्याकडे रेल्वे कोळशाच्या वाहतुकीवर कमावते आणि त्यातून प्रवासी तिकीट स्वस्त ठेवते. चंद्रपूरचं कोळशावरचं 2,920 मेगावॉटचं वीजकेंद्र बंद करायचं म्हटलं, तर हिशेब फक्त विजेचा राहत नाही.

शेवटी क्रमांक काढून टाकले आणि देश अकारविल्हे लावले. अमेरिका सगळ्यात वर आली. तिच्या ओळीत शेवटच्या रकान्यात मी ‘कोणी नाही’ असं लिहिलं आणि फाइल छपाईला पाठवली.