तारवट्याचं कार्ड

गोव्यातल्या आमच्या गावच्या मंडळाचं नाटक म्हणजे जत्रेची दुसरी रात्र. पत्रिकेवर साडेनऊ छापलेलं असतं पण अकराच्या आधी पडदा वर गेलेला मी तरी कधी पाहिला नाही, कारण आधी पाहुणे, मग अध्यक्ष, मग देणगीदारांची लांबलचक यादी, मग वर्षभरात गेलेल्या सभासदांना श्रद्धांजली, आणि सगळ्यात शेवटी 'तारवटी'. आम्ही पोरं तोवर बाहेर खाजेवाल्याकडे घुटमळत असायचो, पण माईकवर "आतां तारवटी" असं ऐकू आलं की चपला हातात घेऊन मांडवात पळायचो, कारण त्यात बोट बुडायची.

तारवटी म्हणजे बोटीवरचा खलाशी, आणि आमचा तारवटी म्हणजे आमच्याच वाड्यावरचा किरिस्तांव पोरगा. नाव लिहीत नाही, घरची माणसं गावातच आहेत आणि मी त्यांना विचारलेलं नाही. चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकलेला, आणि तेव्हा आमच्या संगीत नाटकांना ऑर्गन होता, तबला होता, व्हायोलिन नव्हतं, म्हणून तबलजी काकांनी त्याला घरून जवळजवळ उचलूनच आणला. हे चर्चच्या विगाराला, म्हणजे पाद्रीलाही आवडलं नव्हतं आणि आमच्या भटजींनाही नाही म्हणतात, पण नाट्यगीतावर त्याने जी काय पहिली रात्र वाजवली त्यानंतर दोघेही गप्प. दोन-तीन जत्रा वाजवल्या असतील. मग पोटापाण्यासाठी मुंबई. त्या काळी गोव्यातल्या पोराने मुंबईत जायचं म्हणजे धोबीतलावला नाहीतर माझगावला आपल्या गावच्या कुडीत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोलीत उतरायचं, पेटी लावायची, संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणायचं आणि बोट मिळेपर्यंत थांबायचं. याला इंग्रज कंपनीच्या बोटीवर पॅन्ट्रीत काम मिळालं. व्हायोलिन मात्र मंडळाच्या पेटीत ठेवून गेला.

पुढची गोष्ट मास्तर सांगायचे. हातात छत्री, आणि त्या छत्रीने हवेतच हिंदी महासागर काढायचे. 1940 साल, 'ॲटलांटिस' नावाची जर्मन बोट, साध्या मालवाहू बोटीचं सोंग घेऊन फिरायची, दुसऱ्याच देशाचा झेंडा, खोटे रंग, जवळ आली की झेंडा बदलून तोफा उघड्या करायची. दीड वर्षात 22 बोटी हिने धरल्या नाहीतर बुडवल्या. त्यातल्याच एकीवर आमचा तारवटी. कैद्यांना 'टिराना' नावाच्या धरलेल्याच एका बोटीत कोंबून फ्रान्सकडे पाठवलं, आणि किनारा अगदी दिसायच्या बेतात असताना 22 सप्टेंबर 1940 ला तिला टॉर्पेडो लागला. तोही कुणाचा, तर इंग्रजांच्याच पाणबुडीचा! आत आपलेच लोक आहेत हे पाणबुडीवाल्यांना कसं कळणार. ऐंशीच्या वर माणसं गेली, बायका-मुलं धरून. इथे मास्तर छत्री फाटकन उघडायचे आणि पुढच्या रांगेतली बारकी पोरं दरवर्षी दचकायची. दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही बाकं उलटी करून टिराना बुडवायचो. मार खाल्लाय त्यासाठी.

तारवटी वाचला. मग जर्मनीत, ब्रेमेनच्या बाजूला वेस्टरटिम्के म्हणून गाव आहे तिथे व्यापारी बोटींवरच्या खलाशांची छावणी होती, मिलाग नॉर्ड, आणि तिच्यात हिंदी खलाशांचा भाग वेगळा, तारेच्या कुंपणाआड. मास्तर एवढ्यावर थांबत नसत. इकडे त्याच काळात आमच्या मुरगाव बंदरात जर्मन बोटी आसऱ्याला उभ्या होत्या, एरनफेल्स वगैरे, पोर्तुगाल लढाईत नाही म्हणून निवांत, म्हणजे आमचा पोरगा जर्मनीत तारेआड आणि जर्मन खलाशी मुरगावात इसवणाची कढी ओरपताहेत! (कढीचं मास्तरांनी पदरचं घातलेलं असणार, पण बोटी होत्या हे पक्कं. 9 मार्च 1943 च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या इंग्रजांच्या टोळीने एरनफेल्सवर हल्ला चढवला आणि मग जर्मन-इटालियनांनी आपल्याच बोटींना आगी लावल्या. माझ्या आजोबांना तो उजेड लांबून दिसला होता असं ते सांगायचे, बार्देशातून दिसेल का देव जाणे.)

मग कार्ड. तारवट्याची पुतणी स्टेजवर यायची, प्लॅस्टिकच्या पिशवीतून कार्ड काढायची. छापील ओळी, त्यावर पेन्सिलीने रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीत बारीक अक्षर, कोपऱ्यात सेन्सॉरचा जांभळट शिक्का जो सांडलेल्या शाईसारखा दिसतो. मजकूर इनमीन पाच-सहा वाक्यांचा. रेडक्रॉसच्या मार्फत हिंदी कैद्यांसाठी लंडनहून पार्सलं जायची, तिथे इंडियन कम्फर्ट्स फंड होता, त्यात डाळ, पीठ, मसाला असायचा, त्याबद्दल त्याने लिहिलंय, "दाळ मेळ्ळी, पीठ मेळ्ळें, नुस्तें ना." म्हणजे डाळ मिळाली, पीठ मिळालं, मासे नाहीत. दरवर्षी तेच वाक्य आणि दरवर्षी अख्खा मांडव हसायचा, सोवळ्यातले भटजीसुद्धा. आणि शेवटची ओळ, "म्हज्या रेबेकाक हात लावूं नाकात." रेबेक म्हणजे व्हायोलिन, त्याला हात लावू नका. ती आली की तबलजी काका उगाच डग्ग्यावर हातोडी मारत बसायचे, स्वर लागलेला असला तरी.

क्षयाने गेला तो, छावणीतच, वय बावीस. घरी कळलं ते कित्येक महिन्यांनी, कुडीतून कुणीतरी निरोप घेऊन आला तेव्हा. छावणी सुटली एप्रिल 1945 ला.

आता यावरून भांडण नाही झालं तर आमचं मंडळ कसलं. आमचे एक भाई होते, स्वातंत्र्यसैनिक, आग्वादच्या तुरुंगात राहून आलेले. दर जनरल बॉडीला त्यांचा मुद्दा ठरलेला, की इंग्रजांच्या बोटीवर बशा धुणाऱ्याला श्रद्धांजली कशाला, तो काय देशासाठी गेला? काका म्हणायचे, नाही गेला देशासाठी, पगारासाठी गेला, पण मेला ना तुरुंगात, आणि मंडळाचा माणूस होता ना. यावर भाई चिडून दुसरी प्लेट भाजी-पाव मागवायचे आणि विषय पुढच्या वर्षावर. मला स्वतःला काकांचंच पटतं. हुतात्मा वगैरे म्हटलं की माणूस फोटोत जातो, आमचा तारवटी कधी फोटोत गेलाच नाही, फोटोच नाही त्याचा. त्या लढाईत गेलेल्या हिंदी नौसैनिकांची आणि खलाशांची, सहा हजारांहून जास्त, नावं लिहिलेली स्मरणवही मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशांच्या होममध्ये आहे, तिचीच दुसरी प्रत चितगावला. त्यातले किती जण असे पॅन्ट्रीतले, भट्टीवरचे, इंजिनात कोळसा ओढणारे असतील.

एक वर्षी कुणीतरी मंत्री पाहुणे होते, उशीर झालेला, सेक्रेटरीने तारवटी गाळला आणि थेट नांदी सुरू केली. मागून भाईंचा आवाज आला, "आरे, तारवटी खंय?" ऑर्गन थांबला. मंत्र्यांना काही कळेना. पुतणीला प्रेक्षकांतून शोधून आणलं, कार्ड घरी राहिलेलं, तिने पाठच म्हणून दाखवलं. नुस्तें ना ला मंत्रीही हसले.

मास्तर, काका, भाई आता तिघेही त्या श्रद्धांजलीच्या यादीत गेले. छत्रीवाला भाग मास्तरांचा नातू करतो, बरा करतो, पण टिराना फार लवकर बुडवतो. पुतणीचा मुलगा क्रूझवर आहे, सुट्टी जमली तर कार्ड तो वाचतो, नाहीतर ती. व्हायोलिनचं म्हणाल तर कुणी हात न लावल्यामुळे ते वाळवीने खाल्लं, बो (गज) तेवढा शिल्लक आहे. यंदा संगीत नाटक ठरलंय आणि मडगावचा व्हायोलिनवाला एका रात्रीचे जे पैसे मागतोय ते ऐकून खजिनदार रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावूया म्हणतोय. रविवारी मीटिंग आहे, सगळ्यांनी या, ट्रॅकला विरोध करायला माणसं कमी पडताहेत.