एका मावशीमागे किती आजी?

आईच्या खुब्याचं हाड मोडलं म्हणून तीन आठवडे मुलुंडला आलेय. शेजारच्या काकू रोज म्हणतात, "तुमच्या तिकडे बरं गं, म्हाताऱ्यांची सगळी सोय असते." मी न्यू जर्सीत सहा वर्षं नर्सिंग होममध्ये मदतनीस आहे. (आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे बाळंतपणाचं, अपेंडिक्सचं छोटं हॉस्पिटल. तिकडे म्हणजे स्वतःचं उठणं-न्हाणं जमत नाही अशा माणसांचं कायमचं घर.) काकूंना दारात उभ्या उभ्या सांगणं होईना, म्हणून लिहितेय.

न्यू जर्सीत २०२१ पासून कायदा आहे: दिवसपाळीला आठ जणांमागे एक मदतनीस. देशभरासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०२४ मध्ये माणशी दिवसाला किमान ३.४८ तास देखभालीचा नियम केला होता, तो २०२५ मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने रद्द केला. आमच्याकडे कागदावर एकीमागे आठ जण असतात. रविवारी दोघीजणी आल्या नाहीत की बारा होतात.

सात ते तीनची पाळी. जेवणाची अर्धा तास सुट्टी सोडली तर ४५० मिनिटं उरतात. बारा जणांत वाटली की प्रत्येकाला साडेसदतीस. त्यात अंग पुसणं, कपडे, नाश्ता, जेवण, तीन-चारदा बाथरूम, दर दोन तासांनी कूस बदलणं. एका आजींना गिळायला त्रास होतो. त्यांना ठसका न लागता भरवायचं तर एका जेवणालाच अर्धा तास जातो.

मग काय सुटतं? गोळ्या सुटत नाहीत, त्यांची नोंद होते. सुटतं दुपारचं पाणी, दात घासणं, वेणी. आणि चालणं.

एक आजोबा हाताला धरून बाथरूमपर्यंत जायचे. जाऊन-येऊन दहा मिनिटं. ते बेल वाजवायचे आणि मी दुसऱ्या खोलीत कुणाला तरी खुर्चीत बसवत असायची. दोन-तीनदा वाटेतच कपडे ओले झाले. ते रडले. मग डायपर आला. दीड महिन्यात त्यांच्या पायांतलं बळ गेलं. फाइलमध्ये 'अशक्तपणा वाढला' असं लिहिलं गेलं. ते खरं नाही. मी वेळेवर पोचू शकले नाही, हे खरं आहे.

घरचे येतात आणि आम्हाला बोलतात. त्यांचा राग मला समजतो. पण माझ्या सोबतच्या कितीजणी लागोपाठ दोन पाळ्या करून उभ्या असतात, हे त्यांना कुणी सांगत नाही.

काकूंना सासऱ्यांना कर्जतजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवायचंय. माहितीपत्रकात बाग आहे, एसी आहे, कॅमेरे आहेत. काकू, रविवारी संध्याकाळी न कळवता जा आणि विचारा, आत्ता या मजल्यावर ड्युटीवर किती बायका आहेत? अमेरिकेत हा आकडा रोज सगळ्यांना दिसेल असा लावावाच लागतो. इथे तुम्हीच विचारा.

आईसाठी ब्यूरोतून मावशी येतात, सकाळी आठ ते रात्री आठ. एकीला एक. घास गिळेपर्यंत त्या चमचा हातात धरून थांबतात. ते बघून पहिल्या दिवशी मला भरून आलं होतं. काल निघताना त्यांनी पिशवीत दुसरी साडी घातली. विचारलं, तर भांडुपला एका आजोबांची रात्रपाळी धरलीय म्हणाल्या. आज सकाळी आठला परत आल्या.

दुपारी मी त्यांना आतल्या खोलीत झोपायला पाठवलं. दोन तास आईजवळ मी बसले.