तुम्ही विचारलंत म्हणून: मी वहीत सही का करत नाही

गेली दोन वर्षे जिन्यात, सभेत, अगदी हळदीकुंकवालाही मला एकच प्रश्न विचारला जातो: "ताई, लपवण्यासारखे काही नाही, तर फाटकावरच्या वहीत सही करायला तुमची हरकत काय?" आज एकदाच सविस्तर उत्तर देते.

आपली सोसायटी चांगली आहे, हे मी नाकारत नाही. शहरात चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येत असताना आपल्याला ते रोज मिळते, ते शिस्तीमुळेच. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची वेळ लिहावी, हा ठराव तर मीच मांडला होता. त्याआधी तीन दुचाकी चोरीला गेल्या होत्या, त्यानंतर एकही गेली नाही. तेव्हा मला नियमांचे वावडे आहे, असे कोणी म्हणू नये.

परंतु माझी आई इथल्याच सेटलमेंटमध्ये, म्हणजे 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना ठेवण्यासाठीच्या सरकारी वसाहतीत, जन्मली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसांना गुन्हेगार ठरवले होते. तारेच्या कुंपणाआड शाळा होती, राहायला घरे होती, गिरणीत काम होते आणि सरकार त्याला सुधारणा म्हणत असे. मात्र हजेरी चुकवता येत नसे आणि बाहेर जायला पास लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभरातून रद्द झाला. आईने त्याविषयी फारसे सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. दाखल्यावरची जात झाकण्यातच माझे तारुण्य गेले.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात ती माझ्याकडे राहायला आली. ऊन उतरल्यावर ती एकटीच खाली गेली. फाटकावरचा नवा मुलगा अदबीने म्हणाला, "आजी, वहीत सही करा." आई रोज वर्तमानपत्र वाचते, तिला सही उत्तम येते, तरी तिने डावा अंगठा पुढे केला. तिला लिहिता येत नसावे असे समजून त्याने तिचे नाव स्वतःच लिहून घेतले. मग ती बाजूला झाली आणि भिंतीला पाठ लावून, हात खाली सोडून उभी राहिली. दिवे लागले तरी ती वर आली नाही, म्हणून मी खाली गेले, तेव्हाही ती तशीच उभी होती. "चल ना, आई," म्हटले, तर खालच्या आवाजात म्हणाली, "अजून जा म्हणाले न्हाईत." तो मुलगा घाबरून हात जोडू लागला. त्याचा काहीच दोष नव्हता.

त्या दिवसापासून मी सही केलेली नाही.

ठराव मांडणारी मी आजही मला विचारते की वही सर्वांसाठी आहे, एका जमातीसाठी नाही, मग ही तुलना अन्यायाची नाही का? काही अंशी आहे. इथे कोणी कोणाला अडवत नाही. पण गेल्या सभेत एका मुलीच्या रात्री परतण्याच्या वेळा त्याच वहीतून, तिच्या वडिलांसमोर वाचून दाखवल्या गेल्या आणि चोरीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. ही वही कोण वाचणार, हे ठराव मांडताना मी विचारलेच नव्हते.

उद्या पुन्हा दुचाकी गेली तर काय, याचे उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या ओळीत तो मुलगा आता वेळ लिहितो आणि सहीचा रकाना मोकळा सोडतो. वेळही लिहू नकोस, असे मी त्याला अजून सांगितलेले नाही.