पोचपावतीनंतर काय?

सरकारी कार्यालयातल्या आवक-जावक टेबलावर माझी बरीच नोकरी झाली. अर्ज घ्यायचा, शिक्का मारायचा, आवक क्रमांक टाकायचा, पोचपावती हातात द्यायची. म्हणून सरकार ऑनलाइन आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला, आणि तो अजून आहे. एका दाखल्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून रांगेत थांबलेली माणसं मी रोज समोर पाहिली आहेत. त्यांना आता घरून अर्ज करता येतो, तो कुठे अडलाय ते कळतं. ही फार मोठी गोष्ट आहे.

यात मला एस्टोनियाचं काम सगळ्यात आवडतं. २००१ साली त्यांनी एक्स-रोड ही व्यवस्था सुरू केली. माहिती ज्या त्या खात्याकडेच राहते आणि लागेल तेव्हा एक खातं दुसऱ्याकडून ती सुरक्षितपणे मागवून घेतं. नागरिकाला तेच कागद पुन्हा पुन्हा द्यावे लागत नाहीत. शिवाय आपली नोंद कोणत्या खात्यानं उघडून पाहिली, हे बऱ्याच बाबतींत त्याला स्वतःला पाहता येतं. टेबलाच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाला विचारा, एवढ्यानं कामात किती फरक पडतो.

निवृत्तीनंतर मी ओळखीच्या लोकांचे अर्ज भरून देते. एका बाईंचा अर्ज अडला, कारण ओटीपी जात होता त्यांच्या वारलेल्या नवऱ्याच्या नंबरवर, आणि तो नंबर बंद. नंबर बदलायचा तर त्यासाठीचा ओटीपीही तिकडेच. मृत्यूचा दाखला हातात होता, पण तो बघणारं कोणी नव्हतं. टेबलावर कोणी असतं तर साहेबांची सही घेऊन त्याच दिवशी नोंद दुरुस्त झाली असती.

हीच गोष्ट ऑस्ट्रेलियात लाखो लोकांच्या वाट्याला आली. सरकारी मदत घेणाऱ्यांना जास्त दिली गेलेली रक्कम शोधून वसूल करायला तिथे स्वयंचलित पद्धत आणली. लोक तिला रोबोडेट म्हणू लागले. कर खात्याकडचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, ते सगळ्या पंधरवड्यांत सारखं वाटायचं, माणसानं सांगितलेल्या उत्पन्नाशी जुळलं नाही की थकबाकीची नोटीस. पण ज्याला सहा महिने काम होतं आणि सहा महिने नव्हतं, त्याचं उत्पन्न सारखं वाटून कसं चालेल? बेकारीत मदत घेतलेला प्रामाणिक माणूस कागदावर देणेकरी ठरला. वर आपण देणं लागत नाही हे त्यानंच सिद्ध करायचं, वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या शोधून. २०२३ मध्ये चौकशी आयोगानं सांगितलं की ही पद्धत क्रूर होती. न्याय्य नव्हती आणि कायदेशीरही नव्हती. कारकुनाची चूक एका फाइलपुरती राहते. चुकीचा नियम यंत्रात घातला की तो दारोदार जातो, आणि जाब विचारायला समोर कोणी नसतं.

लोकांची मतं मागवतानाही असंच होतं. आइसलँडमध्ये २०११ साली २५ जणांच्या परिषदेनं राज्यघटनेचा मसुदा लिहिता लिहिता इंटरनेटवर ठेवला, लोकांच्या सूचना घेतल्या. पुढच्या वर्षी सार्वमतात सुमारे दोन-तृतीयांश मतं त्याच्या बाजूनं पडली. ते सार्वमत सल्ल्यापुरतंच होतं, आणि संसदेनं ती घटना मंजूर केली नाही. कलम न् कलम वाचून ज्यांनी सूचना लिहिल्या, त्यांच्याकडे पुन्हा कोणत्या तोंडानं सूचना मागायच्या? मत मागवणं सोपं झालंय, त्याला बांधील राहणं तेवढंच अवघड उरलंय.

म्हणून जिथे जिथे सूचना मागवतात तिथे मी आता एकच लिहून पाठवते. सूचना कोण वाचणार, निर्णय कधी होणार आणि नाकारलेल्या सूचनेचं कारण कुठे मिळणार, हे मागवतानाच जाहीर करा. यंत्रानं काढलेल्या प्रत्येक नोटिशीवर जबाबदार अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर छापा. आणि नागरिकानं हरकत घेतली, तर माणसानं फाइल उघडून पाहीपर्यंत वसुली थांबवा.