बाटलीत २६५, डिशमध्ये ३००

मी नागपुरातल्या एका आयव्हीएफ लॅबमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे शरीराबाहेर भ्रूण वाढवणारी. त्या मे महिन्यात फलनानंतर तिसऱ्या दिवसापर्यंत सगळं छान दिसायचं. आठ पेशी, एकसारख्या. मग चौथ्या-पाचव्या दिवशी भ्रूण जागच्या जागी थांबायचे आणि ब्लास्टोसिस्ट (पाचव्या दिवसापर्यंत नीट वाढलेले भ्रूण) हाती लागायचे एरवीपेक्षा बरेच कमी. पाठोपाठ वेगवेगळ्या जोडप्यांच्या बाबतीत तेच झालं, त्यामुळे बीज किंवा शुक्राणूंवर खापर फोडून मोकळं होता येईना.

इनक्युबेटरमध्ये तापमान ३७, कार्बन डायऑक्साइड ६ टक्के, पीएच ७.३, सगळं जागेवर. भ्रूण ज्यात वाढतात त्या द्रवावर, म्हणजे मीडियमवर, तो सुकू नये म्हणून तेल ओततात; त्या तेलाचा लॉट बदलून पाहिला. मीडियम विकणाऱ्याने ‘नवं, जास्त पोषक’ मीडियम पुढे केलं. (यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर नवी बाटलीच असते.) पण कोवळ्या भ्रूणाचं खाणं अगदी साधं असतं. सुरुवातीला त्याचं मुख्यतः पायरुव्हेट आणि लॅक्टेट या ग्लुकोजहून लहान रेणूंवर भागतं. ग्लुकोजची भूक वाढते ती पुढे, पेशी एकमेकींना घट्ट बिलगू लागल्यावर.

माझा संशय पाण्यावर होता. बाहेर विदर्भातला उन्हाळा, आत एसीची कोरडी हवा. लॅमिनार हूडच्या (गाळलेल्या हवेचा सतत झोत सोडणाऱ्या टेबलाच्या) वाऱ्याखाली एका वेळी बऱ्याच डिश मांडायच्या, प्रत्येकीत २० मायक्रोलिटरचे थेंब घालायचे आणि शेवटच्या डिशपर्यंत पोहोचल्यावर सगळ्यांवर तेल ओतायचं, अशी तिथली जुनी रीत. त्यात इनक्युबेटरही कोरड्या प्रकारचा, आत पाण्याचा ट्रे नसलेला.

मीडियममध्ये विरघळलेले कण किती, हे ऑस्मोमीटर द्रवाच्या गोठणबिंदूवरून सांगतो. आमच्याकडे तो नव्हता. नेहमीसारख्याच, पण बिनभ्रूणाच्या डिश तयार केल्या आणि त्यांतले थेंब घेऊन ओळखीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेले. “मॅडम, हे कुणाचं सॅम्पल?” असं विचारत तिथल्या टेक्निशियन दादांनी ते लावलं. बाटलीतलं मीडियम २६५ मिलिऑस्मोल. नुकत्याच बनवलेल्या डिशमधलं २८०. पाच दिवस इनक्युबेटरमध्ये राहिलेलं ३०० च्या वर. दादांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही, कारण माणसाचं रक्तही २८५ ते २९५ च्या आसपास असतं. मी मात्र त्या आकड्याकडे बघतच राहिले.

त्याचं कारण उंदरांवरच्या प्रयोगांत आहे. उंदराच्या बीजवाहिनीतला द्रव ३०० च्या आसपास असतो आणि त्यात भ्रूण मजेत वाढतो. त्याच घनतेच्या (म्हणजे तितकेच कण विरघळलेल्या) साध्या, अमिनो आम्लं नसलेल्या मीडियममध्ये मात्र तो दोन पेशींवरच अडकायचा. कित्येक वर्षं संशोधक या अडथळ्याशी झुंजत होते. १९९० च्या दशकात बिगर्स आणि लॉइट्स यांचं केसॉम मीडियम आलं, त्यात मीठ कमी होतं. कॅनडातल्या ओटावाचे संशोधक जे. बाल्ट्झ यांच्या गटाने पुढे दाखवलं, की कोवळा भ्रूण आपलं आकारमान सांभाळायला ग्लायसीन हे अमिनो आम्ल वापरतो. बाहेरची घनता वाढली की मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींसारखं पेशीतलं पाणी बाहेर पडतं. ते रोखायला आत सोडियम-क्लोराइड भरून घ्यावं, तर त्याचा भार या वयात झेपत नाही. म्हणून तो खास वाहकातून ग्लायसीन आत ओढून घेतो, आणि पेशीत ते मिठाइतका त्रास देत नाही. म्हणजे बाटलीवर अन्न म्हणून छापलेलं ग्लायसीन पेशीचं पाणीही धरून ठेवत असतं.

आमच्या मीडियममध्ये ग्लायसीन होतंच. पण पाणी उडालं की सगळंच एकदम दाट होतं, लॅक्टेटसुद्धा, आणि ते दिवसेंदिवस वाढत जातं. अशा वेळी भ्रूणाने किती म्हणून सांभाळायचं?

दुसऱ्याच दिवसापासून आम्ही डिश दोन-दोनच करायला लागलो. मीडियम गार, थेंब मोठा, तेल लगेच. पाच दिवस तीच डिश न ठेवता तिसऱ्या दिवशी भ्रूण ताज्या थेंबात हलवायचे. पुन्हा मोजलं तेव्हा पहिल्या दिवसाचा आकडा बाटलीच्या जवळ आला होता, आणि पावसाळ्यापर्यंत ब्लास्टोसिस्टही पूर्ववत होऊ लागले. त्यातलं आमच्यामुळे किती आणि हवेतल्या दमटपणामुळे किती, हे पुढच्या मे महिन्यातच कळणार. त्याआधी स्वतःचा ऑस्मोमीटर हवा म्हणून मी अर्ज दिलाय. सरांनी तूर्तास तीन कोटेशन मागवलीत.