मांड्या बारीक करायच्या, पण जोर वाढवून

मांडीचे कितीही व्यायाम केले तरी नेमकी मांडीचीच चरबी उतरत नाही. उतरते ती सगळ्या अंगाची, आणि बायकांच्या बाबतीत मांड्या-नितंबांचा नंबर बहुधा शेवटी लागतो. तेव्हा व्यायामाने पायांत ताकद आणायची आणि चरबीचा हिशेब चालण्यावर नि ताटातल्या शितावर, म्हणजे भातावर, सोडायचा. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, एवढा व्यायाम पुरतो. मांड्या पैलवानासारख्या फुगतील ही भीती काढून टाका. त्यासाठी वर्षानुवर्षं भरपूर वजन आणि तसाच खुराक लागतो.

सुरुवात खुर्चीपासून. गुडघ्याइतक्या उंचीची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची नको, गुळगुळीत लादीवर ती सरकते. पावलं खांद्यांइतकी फाकवून चवडे किंचित बाहेर वळवा. नितंब मागे नेत तीन सेकंदांत खाली या, खुर्चीला जेमतेम टेका आणि पूर्ण पाऊल जमिनीला रोवून उठा. असं १० वेळा, मग मिनिट-दीड मिनिट विसावा. एकूण ३ सेट. बहुतेक जण खुर्चीवर धपकन बसतात आणि तिथेच अर्धा व्यायाम वाया जातो, कारण खाली येताना शरीर तोलून धरण्यातच मांडीची मोठी मेहनत असते. उठताना गुडघे आत वळत असतील तर नितंबाच्या बाजूचे स्नायू कमी पडतायत. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रोखाने ठेवा. टाचा उचलल्या जात असतील तर घोटे आखडलेले आहेत. टाचांखाली बोटभर जाडीची फळी घाला.

खुर्ची सोपी वाटू लागली की सोप्याची, म्हणजे ओसरीची, पायरी गाठा. १५ ते १८ सेंटिमीटर उंचीची हवी. पूर्ण पाऊल पायरीवर ठेवा, चवडा नुसता टेकवून नको. मागच्या पायाने उडी न घेता वर चढा आणि उतरताना तीन आकडे मोजा. एका पायाने ८, मग दुसऱ्याने ८. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात त्या या उतरण्याने. दोन-तीन दिवसांत थांबतं. गुडघ्याच्या सांध्यातच कळ येत असेल तर मात्र पायरी बंद. पावसात चिऱ्याच्या पायरीवर शेवाळ धरतं, तेव्हा घरातलाच जिना बरा.

जोडीला उताणं झोपून, गुडघे मोडून कंबर उचलण्याचे १२-१५ आणि भिंतीला हात लावून टाचा उचलण्याचे १५-२०. दर दोन आठवड्यांनी थोडं वजन वाढवा. पाठीवरच्या पिशवीत दोन किलो उकडे तांदूळ घातले तरी चालतात.

चालायला गोव्यातल्या मिरामार किंवा कोलव्याची पुळण, म्हणजे रेतीचा किनारा, उत्तम, पण सुक्या रेतीत पहिल्याच दिवशी तासभर नको. तिथे ताकद दीडपट-दुप्पट लागते आणि पोटऱ्या धरतात. ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट रेती निवडा; ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, ती बघून निघा. किनारा पाण्याकडे उतरता असतो, म्हणून एक पाय सतत खाली पडतो. गेलात त्याच वाटेने परत आलात की दोन्ही पायांचा हिशेब सारखा होतो. ३० ते ४५ मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. पावसाळ्यात पाण्यात उतरू नका.

ताटात शीत एक वाटी कमी आणि बांगडा, मूग किंवा चवळी थोडी जास्त. बांगडा तळलेला नको, हुमणातला, म्हणजे नारळाच्या रसातला, चालेल. नारळ मात्र हात राखून.

वजनकाट्यापेक्षा टेप खरी. गुडघ्याच्या वाटीपासून १५ सेंटिमीटर वर मांडीचा घेर सकाळी मोजा, पंधरवड्यातून एकदा. संध्याकाळी पाय सुजलेले असले की आकडा फसवतो. नडगीवर बोट दाबून खळगा राहत असेल किंवा एकच पाय सुजून दुखत असेल तर ती चरबी नव्हे. व्यायाम थांबवून आधी डॉक्टरला दाखवा.