रेल्वेचं दिव्यांग सवलत कार्ड: घोडं अडलं शिक्क्यापाशी

लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नाही; त्यात फिटही येतात. थेरपीसाठी मुंबईच्या फेऱ्या असतात. सहा वर्षांच्या मुलीला एसटीत रात्रभर मांडीवर धरणं आता झेपेना, म्हणून रेल्वेचं सवलत कार्ड काढायला घेतलं.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, होतंच. "तेच दाखव की," असं सगळे सांगतात. चालत नाही. सवलतीसाठी रेल्वेच्या नमुन्यातला, सरकारी डॉक्टरांच्या सहीचा वेगळा दाखला लागतो.

सही लगेच झाली. अडलं शिक्क्यापाशी. तो अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर हवा आणि चेहरा झाकता कामा नये. आमचा सगळाच्या सगळा कागदावर! रेल्वेच्या खिडकीवरून अर्ज परत. दवाखान्यात गेले तर डॉक्टर कॅम्पला. शिक्का कपाटात, किल्ली डॉक्टरांकडे. पुढच्या खेपेला शिक्का मिळाला, तर शाई वाळलेली. डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकाचे शेवटचे आकडे उमटलेच नाहीत.

लेक कडेवर, तिच्या लाळेनं माझा खांदा भिजलेला, आणि खिडकीतले साहेब कागद ट्यूबलाइटसमोर धरून बघतायत.

"अहो, मुलगी समोर दिसतेय ना?"

"मुलगी दिसते हो मॅडम, नंबर दिसत नाही."

शेवटी स्वतःच स्टॅम्प पॅड विकत घेतलं आणि पर्समध्ये टाकून गेले. असा ठसठशीत शिक्का त्या दवाखान्यात कुणी मारला नसेल! तुम्ही ऑनलाइन अर्ज करणार असाल तरी स्कॅन करण्याआधी शिक्का वाचून बघा.

कार्डावर स्लीपर आणि थ्री एसीला 75 टक्के, टू एसीला 50 टक्के सवलत मिळते, सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. राजधानी-शताब्दीचा हिशेब वेगळा. पंचविशीच्या आत कार्ड पाचच वर्षांचं, म्हणजे पुन्हा तोच दवाखाना.

तिकीट काढताना दिव्यांग कोटा निवडा. लोअर बर्थ मिळाला तर मुलाला खिडकीकडे डोकं करून झोपवा; पॅसेजमधून जाणाऱ्यांच्या बॅगा डोक्याला लागतात. आडवं असताना भरवू नका, ठसका लागतो. फिटची औषधं आणि डॉक्टरांनी दिलेला नाकातला स्प्रे सीटखालच्या बॅगेत नको, गळ्यातल्या पाउचमध्ये ठेवा. दोन दिवसांची जास्तीची औषधं घ्या, चिठ्ठीसकट. गाडीत गरज पडली तर 139 ही रेल्वेची हेल्पलाइन.

आणि हो, दाखल्यावर 'सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाही' हे आहे ना, ते दवाखान्यातच बघून घ्या.